मागे का नाही गेलास?

१ जून २०२५, रविवार, रात्री

काल रात्री मी एका एकवीस वर्षांच्या पोरावर ओरडलो. तो तिकडे इटलीत, खडीच्या एका चढावर, आणि मी इथे इंदूरला राजेंद्र नगरात मोबाईल हातात धरून. "अरे, मागे जा ना! जा त्याच्या मागे!" लेक अभ्यास सोडून बाहेर आली. "बाबा, काय झालं?" म्हटलं, काही नाही, सायकलची रेस. ती आत गेली, पण जाता जाता जशी बघून गेली ते आज दिवसभर डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

सकाळी पोहे समोर आले आणि तसेच गार झाले. हिने विचारलं, मीठ कमी पडलंय का. नाही म्हटलं. राग आलाय, आणि तो एका सायकलवाल्या पोराचा आलाय, हे कसं सांगायचं?

९ मेला जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची, टप्प्याटप्प्यांची सायकल रेस, अल्बानियातल्या दुर्रेसहून निघाली तेव्हापासून माझी प्रत्येक संध्याकाळ तिचीच होती. आठच्या आत घरी, जेवण ताटलीत वाढून घेऊन कोपऱ्यात. सोमवारी विश्रांतीचा दिवस असला की करमायचं नाही, मग आदल्या टप्प्याचे सेकंद वहीत मांडत बसायचं. घरात कुणाला त्यात रस नाही. ऑफिसात तर बोलायची सोयच नाही, तिथे मे महिना म्हणजे आयपीएल. पूर्वी हे सगळं एका माणसाला सांगता यायचं. असो.

ज्याच्यावर ओरडलो तो पोरगा, देल तोरो, माझा कधी झाला ते नेमकं सांगता येतं. १८ मे, सिएनाच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर. टप्पा फान आर्टने जिंकला, पण गुलाबी जर्सी, एकूण वेळेत जो पहिला त्याची, या पोराच्या अंगावर चढली. जिरोमध्ये ती घालणारा पहिला मेक्सिकन. संघात आयुसोसारखा मोठ्या नावाचा गडी असताना! पुढे दुसरा मोठा दावेदार रोग्लिच पडून रेस सोडून गेला, आयुसोही गेला, आणि हा मात्र रोज संध्याकाळी गुलाबीतच. बोर्मिओला तर गुलाबी अंगावर असताना टप्पा मारला. अकरा टप्पे त्याने ती जर्सी सांभाळली. मला तो घरातला वाटायला लागला होता.

आणि काल फिनेस्त्रे.

काल शहरात अहिल्यादेवींची तीनशेवी जयंती, त्यात मेट्रोचं उद्घाटन. सगळं इंदूर त्याच गडबडीत, आणि मी साडेसातलाच घरात. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे म्हणजे साडेअठरा किलोमीटरचा चढ, सरासरी नऊ टक्क्यांच्या वर, शेवटचे आठेक किलोमीटर डांबरच नाही. माथा २१७८ मीटरवर. तिथून खाली उतरायचं आणि पुन्हा सेस्त्रिएरेपर्यंत चढायचं. एकूण वेळेत देल तोरोच्या मागे कारापाझ ४३ सेकंदांवर, सायमन येट्स एक मिनिट २१ सेकंदांवर. चढ लागताच कारापाझ सुटला, देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. इथवर सगळं बरोबर. येट्स आपल्या लयीत मागून आला, त्यांना गाठलं आणि पुढे गेला. पकडला गेला. पुन्हा गेला. आणि एकदा गेला तेव्हा कुणी हललंच नाही.

कारापाझ देल तोरोकडे बघतोय, देल तोरो कारापाझकडे. तू आधी. नाही, तू आधी. जर्सी तुझी आहे, तू जा. दुसरा नंबर तुझा धोक्यात आहे, तू जा. आणि येट्स वळणावळणाने लहान होत चाललेला.

तेव्हा मी ओरडलो.

आज दिवसभर त्या पोराच्या बाजूने हिशेब मांडून बघतोय. त्याच्यासाठी धोका कारापाझचाच होता, ४३ सेकंदांचा. येट्सच्या मागे स्वतःला जाळून घेतलं असतं, तर कारापाझ चाकामागे आरामात बसून वरून निघून गेला असता. म्हणजे त्याने गणित चुकवलं असंही म्हणता येत नाही. पुढे दरीत येट्सच्याच संघाचा फान आर्ट त्याच्यासाठी थांबलेला होता, त्याने वारा स्वतःवर घेत, आपल्या पाठीमागे घालून त्याला ओढत नेलं. सेस्त्रिएरेला देल तोरो आणि कारापाझ पोचले तोवर येट्सला येऊन पाच मिनिटांच्या वर झाली होती, आणि गुलाबी त्याची झाली होती. गणित बरोबर असूनही सगळं गेलं, म्हणून राग येतोय का? की तो हरला म्हणून? तसं नसावं. बोर्मिओच्या आधी तो एका टप्प्यावर मागे पडला होता, तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं, राग नव्हता आला.

पाठीमागे घालून नेणं काय असतं हे मला कुणी शिकवायला नको. भेरूघाटला जायचो तेव्हा मी नववीत. माळव्याचा वारा समोरून, दादाची पाठ पुढे, आणि दर दहा मिनिटांनी वळून न बघता हाक: "चाक सोडू नकोस रे!" सिमरोल यायच्या आत माझे पाय संपायचे, तरी मी पोचायचो. परत येताना मी पुढे, तो मागे, ते फक्त मला बरं वाटावं म्हणून. मला ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

दिवाळीपासून त्याचा फोन नाही. माझाही नाही. रामबागच्या घराचं जे काय आहे ते आहे. कागद त्याच्याकडे आहेत, म्हणून त्याने बोलावं. मी लहान आहे, म्हणून मी बोलावं, असं वहिनीचं म्हणणं. दोन्ही बरोबर. आईच्या तिथीलाही आम्ही दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांच्या ताटाकडे बघत होतो.

दुपारी झोप लागेना म्हणून येट्सचं जुनं पाहिलं. २०१८ ची जिरो. तेरा दिवस गुलाबी त्याच्या अंगावर, आणि याच फिनेस्त्रेवर त्याचे पाय गेले. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रूम शेवटाच्या ८० किलोमीटर आधी एकटा सुटला, आणि येट्स त्या दिवशी ३८ मिनिटांच्या वर मागे पोचला. सात वर्षांनी तोच चढ, आणि काल तो माणूस शेवटाला रडत होता. देल तोरोवर चिडण्याच्या नादात काल मला त्याचा आनंदही धड झाला नव्हता. आज झाला. भरपूर झाला. बत्तिसाव्या वर्षी, ज्या जागेने सगळं घेतलं तिथूनच ते परत आणायचं!

मघाशी रोम संपलं. व्हॅटिकनमध्ये पोप लिओ सायकलवाल्यांना भेटले, शेवटची धाव कोइने जिंकली. देल तोरो पांढऱ्या जर्सीत, तरुणांमध्ये पहिला, एकंदरीत दुसरा, तीन मिनिटं ५६ सेकंदांनी. मंचावर तो हसत होता. खरं हसत होता. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. एकवीस वर्षांचा आहे, फिनेस्त्रे त्याच्या वाट्याला पुन्हा येईल. त्याच्यावरचा राग तिसऱ्यांदा बघताना कुठे गेला, कळलंच नाही. मला पन्नासावं लागलंय आणि दादाला सत्तावन्न. आम्हाला सात-सात वर्षं मोजत बसता यायचं नाही.

घरच्या ग्रुपवर संध्याकाळपासून एक फोटो पडून आहे. दादा मेट्रोत खिडकीशी बसलाय, शेजारी वहिनी. खाली एक शब्द नाही. सगळ्यांनी अंगठे दिलेत. मी रोमच्या नादात तो वर सरकवून टाकला होता.

आत्ता पुन्हा उघडला. केस फारच पांढरे झालेत त्याचे.

"गर्दी किती होती?" एवढंच लिहिलं. ग्रुपवर नाही, त्याच्या नंबरवर. दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पाठवलं.