सगळ्यांचंच बंद हाय न्हवं?

२०१८ पासून दरवर्षी फिनलंडचे लोक जगात सगळ्यात सुखी ठरतात. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालाच्या यादीत १४७ देशांत आपण ११८ वे. आमच्या पोरानं हे मोबाइलवर वाचून दाखवलं आणि त्या दिवशी दुकानात दुसरा विषय निघाला नाही.

ही यादी करायची रीत भारी आहे. माणसाला म्हणायचं, एक शिडी डोळ्यांसमोर आण. तळाला शून्य, टोकाला दहा. तुझं आयुष्य कितव्या पायरीवर आहे ते सांग. बास. यावरून देशांचे नंबर.

झेरॉक्सला थांबलेल्या एका मामांनी लगेच विचारलं, "ते असू दे. आमचा थोरला भाऊ कितव्या पायरीवर हाय म्हणतोय?"

अहवालवाल्यांनी हा प्रश्न घातला असता तर आमच्या भागातून उत्तरं जास्त खरी आली असती.

माझं दुकान बेळगावात, टिळकवाडीत, रेल्वे गेटजवळ. झेरॉक्स, लॅमिनेशन, जमिनीचे उतारे काढून देणं आणि कन्नड फॉर्म भरून देणं. गिऱ्हाईक मराठी, फॉर्म कन्नड, त्यावर माझं घर चालतं. आता इथं येणारा माणूस आधीच कुठल्या तरी टेबलावरून परत पाठवलेला असतो, त्यामुळं हसतमुख कोणी येत नाही. पण परवा उताऱ्याला गर्दी असताना सर्व्हर बंद पडला, तेव्हाची मजा बघण्यासारखी होती.

पहिल्यांदा सगळे माझ्यावर खेकसले. मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. येळ्ळूरच्या एका काकांनी पुढं वाकून बघितलं. "म्हणजे सगळ्यांचंच बंद हाय न्हवं?"

"सगळ्यांचंच. खानापूरलासुद्धा."

"खानापूरला पण? मग चालतंय की."

चेहरे सैल झाले. कोणीतरी चहा सांगितला, पावसाचा विषय निघाला. खानापूर नुसतं तोंडातून गेलं, पण औषधासारखं लागू पडलं.

नाही म्हणायला एकाचा उतारा सर्व्हर पडायच्या आधीच निघाला होता. त्याच्याशी कोणी बोलेना. पण गडी जाईना! कागदाची घडी खिशात अशी ठेवली की अर्धी बाहेर दिसावी. मग लॅमिनेशनचा दर विचारला. मग पेन मागितलं. पेन घेऊन काहीच लिहिलं नाही. घरी जाऊन एकट्यानं उतारा बघण्यात त्याला काय राम होता?

१९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं मांडलं होतं, की एकाच देशात गरिबापेक्षा पैसेवाला जास्त सुखी दिसतो, पण सगळ्या देशाचं उत्पन्न वाढत गेलं म्हणून त्या मानानं देशाचं सुख वाढतंच असं नाही. कारण माणूस आपल्या खिशाबरोबर शेजाऱ्याचाही खिसा मोजतो. बिचाऱ्यानं यासाठी केवढे आकडे गोळा केले. आमच्या गेटावर उभा राहिला असता तर काम लवकर आटोपलं असतं. दांडा पडता पडता जो शेवटचा स्कूटरवाला निसटतो, तो पलीकडं गेल्यावर गाडी हळू करून मागं बघतोच. घाई होती म्हणून निसटला, तर बघायला वेळ कुठला?

आमच्या सौ.चं म्हणणं, हा सगळा पुरुषांचा रोग. बरं. यंदा भिशीतल्या एका वहिनींचा कुंदा बिघडला. दूध आटवून आटवून दाणेदार करायचं, रंग बदामी यायचा, तो म्हणे पार काळपट आला. सौ.नी हे मला हळहळत सांगितलं. जेवताना सांगितलं, भांडी लावताना परत सांगितलं, आणि रात्री बहिणीला फोन करून पहिल्यापासून सांगितलं.

माझं विचाराल तर गल्लीच्या तोंडाला आणखी एक झेरॉक्सवाला आहे. मध्यंतरी त्याचं मशीन बिघडलं. तेवढे दिवस मला झोप फार चांगली लागली. मी त्याच्याकडं जाऊन आलो, धीर दिला, चहासुद्धा पाजला. परवा मेकॅनिक त्याच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला, तसा मी रस्ता ओलांडून गेलो.

"काय म्हणतंय मशीन? घाई करू नका हां, नीट बघा."