डावीकडची रिकामी भिंत

छायाचित्रण शिकवता शिकवता गेली अनेक वर्षे मी नवशिक्यांच्या छायाचित्रांवर चर्चासत्रे घेत आलो आहे. छायाचित्र पडद्यावर लावायचे, आधी सर्वांनी ते नीट पाहायचे, मग मी बोलायचे, आणि ज्याचे ते असेल त्याने तोवर गप्प राहायचे, असा आमचा नियम होता. काढणारा बोलू लागला की पाहणारे छायाचित्र सोडून त्याचे बोलणेच पाहू लागतात, म्हणून तो केला होता, आणि त्यात काही खोट असेल असे मला कधी वाटले नव्हते.

त्या दिवशी विषय होता चौकटीच्या कडा. नवशिक्याची नजर मुख्य विषयावर खिळलेली असते. कडेने काय आत शिरले ते त्याला नंतर दिसते. उदाहरण म्हणून मी अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिआ लँग यांनी १९३६ साली, महामंदीच्या काळात, टिपलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र दाखवले. त्यात उजवीकडे खाली तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा आला होता, आणि तो पुढे निगेटिव्हवरच पुसट करण्यात आला. कडेवरची एक लहानशी गोष्टही किती खटकू शकते, हे मी पोटतिडकीने सांगत होतो.

त्यानंतर एका बाईंनी काढलेले छायाचित्र पडद्यावर आले. उजव्या कोपऱ्यात खाली बसून बुटाची नाडी बांधणारा एक मुलगा आणि डावीकडे दोन तृतीयांश चौकट भरून पांढरी भिंत. मुलाची वाकलेली मान आणि नाडीत गुंतलेली बोटे फार सुंदर टिपली होती, ते मी आधी सांगितले. मग पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या घेऊन पडद्यासमोर उभा राहिलो आणि डावीकडची भिंत झाकून म्हणालो, "ही जागा काही बोलत नाही. इथून कापा, मुलगा जवळ येईल." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. बाई नियमाप्रमाणे गप्प बसल्या. फक्त त्यांनी हातातली वही मिटली. ती वही मिटताना मी पाहिली होती आणि तरीही पुढच्या छायाचित्राकडे वळलो, हे मला आजही टोचते.

मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून त्याच छायाचित्राची प्रिंट काढून खिडकीजवळ धरली. "सर, डावी कड पाहा," एवढेच म्हणाल्या. भिंतीवर, अगदी कडेला, दुसऱ्या मुलाची सावली होती. दप्तर पाठीवर, एक पाय पुढे, मान मागे वळलेली. तो मित्राची नाडी बांधून होण्याची वाट पाहत थांबला होता. मी जी भिंत कापायला सांगितली तिच्यातच सगळी गोष्ट होती, आणि अर्धा तास कडांवर बोलून झाल्यावर मी स्वतः ती कड पाहिली नव्हती.

पडद्यावर ती का दिसली नाही, हे आम्ही दोघांनी संगणकावर बसून शोधले. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, त्यामुळे पांढरी भिंत मळकट येते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, वाढवायला मीच शिकवले होते. बाईंनी ते पूर्ण दोन स्टॉप, म्हणजे चौपट, वाढवले होते. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या आलेखात, सगळी भिंत उजव्या, पांढऱ्या टोकाला जाऊन चिकटली होती: ० ते २५५ च्या मापावर भिंत २५० च्या आसपास आणि सावली २४० च्या. कागदावर एवढा फरक डोळ्याला कळतो, पण अर्धवट उजेडाच्या खोलीत आमच्या प्रोजेक्टरने दोन्ही छटा एकच करून टाकल्या. सुदैवाने त्यांच्याकडे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, होती. उजळ छटा थोड्या खाली ओढताच सावली भिंतीवर उतरली.

"छायाचित्रात ही एक खरी त्रुटी आहे," मी म्हणालो, "सावली इतकी पुसट आहे की ती शोधावी लागते." त्यांनी ते लगेच मान्य केले. मग थोडे थांबून म्हणाल्या, "पण सर, तुम्ही आधी विचारले असते, की हा भाग का ठेवला, तर मी सांगितले असते." त्यांचा स्वर मुळीच तक्रारीचा नव्हता. माझ्या कामावर इतकी नेमकी टीका फार थोड्यांनी केली आहे.

सुट्टीनंतर मी ती प्रिंट सर्वांच्या हातात फिरवली आणि माझा सल्ला चुकीचा होता हे सांगितले. काढणाऱ्याचे मौन मी अजूनही पाळायला लावतो, परंतु फक्त पाहणाऱ्यांचे बोलून होईपर्यंत. त्यानंतर, मी काहीही सुचवण्याआधी, त्याला एकच प्रश्न विचारतो: यातले काय गेले तर तुम्हाला चालणार नाही? आणि छायाचित्र पडद्यावर लावण्याआधी त्याची प्रिंट खिडकीच्या उजेडात पाहतो.

पुढच्या सत्राला बाई नवी प्रिंट घेऊन आल्या. वरची थोडी भिंत त्यांनी स्वतःहून कापली होती, डावी बाजू तशीच होती. प्रिंट हातात येताच मागच्या रांगेतल्या एकाने विचारले, "हा दुसरा मुलगा कोण?"