आईची दाढ आणि माझ्या चौकश्या
आज आईला रूट कॅनालसाठी नव्या दवाखान्यात नेलं. भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, मुदतीतलं. ते ठीक. माझं सगळं लक्ष अवजारांवर. सिस्टरने सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं. कडेच्या खुणेचा रंग बदललेला, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्ह यंत्रातून आलेलं. (जंतू मेलेच, याची खात्री मात्र नुसत्या रंगावरून होत नाही.) मग विचारलंच. डॉक्टर न चिडता म्हणाल्या, "१३४ अंशांवर चालवतो. स्पोअर टेस्टही करतो, म्हणजे सगळ्यात चिवट जंतूही मेले का ते तपासतो. नोंदींची वही बघायचीय?" बघितली! आई लाजेने अर्धी. "अगं, डॉक्टरांची कसली परीक्षा घेतेस?"

वापरलेली सुई पांढऱ्या जाड डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत हेच रंग आहेत. भुलीच्या इंजेक्शनआधी डॉक्टरांनी बीपी आणि रक्त पातळ करायच्या गोळीबद्दलही विचारलं. आमच्या जुन्या दवाखान्यात हे कुणी विचारत नसे.

खटकलं एकच. असिस्टंटने ग्लोव्हज घातलेल्या हाताने मोबाइल उचलला. मी बोलले, त्याने निमूटपणे बदलले.

पुढची सिटिंग गुरुवारी. आईने बजावलंय, तिथे तोंड फक्त तिने उघडायचं.