पावसातलं मालगुडी

आगुंबे, कर्नाटक. जुलै. रात्रीचे साडेनऊ.

दुपारपासून वीज नाही. मेणबत्तीशी वही ओढून बसलोय. कौलांवर पाऊस असा कोसळतोय की शेजारच्या खोलीतलं बोलणंही ऐकू येत नाही.

मागच्या खेपेला बाबांबरोबर आलो होतो, जानेवारीत. तेव्हा सगळं लख्ख होतं, अगदी टीव्हीवरच्या ‘मालगुडी डेज’सारखं. मालगुडी म्हणजे आर. के. नारायण यांच्या गोष्टींतलं काल्पनिक गाव; १९८६ साली दिग्दर्शक शंकर नाग यांनी मालिकेसाठी या गावाचं मालगुडी केलं. बाबा जागोजागी थांबून मालिकेतल्या शाळकरी स्वामीबद्दल विचारत होते, ‘‘स्वामी इथूनच पळत जायचा ना रे?’’ लहानपणी नकाशात मालगुडी सापडेना म्हणून मी रडलो होतो. तेव्हा बाबांनी माझ्या शाळेच्या नकाशावर पेन्सिलीनं एक ठिपका काढून दिला. तो नेमका कुठं काढला होता, ते आता दोघांनाही आठवत नाही.

यंदा मुद्दाम पावसाळ्यात आलो. माझ्या मनातलं मालगुडी कायम उन्हातलं आणि आगुंबे तर वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं. म्हणजे इतकी वर्षं मी या गावाची फक्त उघडीप जपून ठेवली होती. गावाचा खरा मुक्काम पावसातच. सूर्यास्त बघायच्या कठड्यापाशी गेलो, तर समोर नुसतं पांढरं धुकं. घाटाचं पहिलं वळणसुद्धा दिसेना.

मग दोड्डमनेत गेलो. दोड्डमने म्हणजे मोठं घर, मालिकेतलं स्वामीचं घर. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड स्वामीचे वडील झाले होते. त्यांच्या धाकानं मी टीव्हीसमोरही ताठ बसायचो. आज चौकात चारी बाजूंनी पागोळ्या गळत होत्या आणि त्या जिथं पडतात तिथल्या दगडी कडेला वाटीएवढे खळगे झालेत. सोप्यातला एक लाकडी खांब हात जिथं टेकतो तेवढ्याच पट्ट्यात काळा, गुळगुळीत. मीही तिथंच हात ठेवला. मागच्या वेळी हा खांब दिसलाच नव्हता, मी मालिकेतल्या चौकटी शोधत होतो ना! घरच्या बाईंनी न विचारता गरम कषायाचा, म्हणजे मसाल्याच्या काढ्याचा, पेला हातात दिला आणि बाहेर बोट दाखवून हसल्या, ‘‘मळे, मळे!’’ कन्नडमधला पाऊस एवढा तरी मला कळतो.

शंकर नाग तेव्हा जेमतेम ३१-३२ वर्षांचे. मुंबईत मराठी नाटकांत वावरलेला, होन्नावरचा हा माणूस. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेऱ्याजवळ अपघातात गेले. आज मी त्यांच्याहून कितीतरी मोठा आहे, हे चौकात उभं असताना एकदम जाणवलं आणि घशाशी आलं.

संध्याकाळी मिनिटभर रेंज आली. बाबांचे गुडघे आता प्रवास करू देत नाहीत. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘‘ऊन आहे का रे?’’ मी फोन खिडकीबाहेर धरला. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘‘धर, अजून थोडा वेळ धर.’’

उद्या अरसाळू. मालगुडीचं रेल्वे स्टेशन तिथलं. जुनी इमारत पाडली नाही, २०२० मध्ये तिचं संग्रहालय झालं. बाबांनी फलाटाचा फोटो मागितलाय. बाकाचाही.