डोळ्याचा स्ट्रोक आणि १२ आठवडे

चहा गाळत होते, पातेलं दिसतंय पण कपच दिसेना. उजवा डोळा झाकून बघितलं तर डाव्याने खालचं अर्धं सगळं काळं. दुखत काहीच नव्हतं आणि तिथेच मी फसले. वय ३३, बीपी नाही शुगर नाही, मायग्रेन असेल म्हणून गोळी घेऊन झोपले, संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात गेले तर तो म्हणे मॅडम मोबाइल कमी करा. दुसऱ्या दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बघितलं आणि सरळ बोलले, डोळ्याच्या पडद्याला रक्त नेणाऱ्या आर्टरीची वरची शाखा बंद झालीय, हा डोळ्याचा स्ट्रोकच समजा. (वरची बंद म्हणून खालचं दिसत नाही, हे उलटं गणित मला अजून पचलेलं नाही.) रक्त थांबलं की डोळ्याचा पडदा काही तासच तग धरतो म्हणे, आणि मी रात्रभर घोरत होते.

मग एमआरआय, मानेचा डॉपलर, टूडी इको, सगळं नॉर्मल. रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, कधी मिसकॅरेज झालंय का? चार वर्षांपूर्वी अकराव्या आठवड्यात झालं होतं, तेव्हा घरात सगळ्यांनी दोष दिला तो माझ्या जिने चढण्याला. मी तिथेच रडले. पीसीओडीच्या हार्मोनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, त्यातल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. मग रक्तात गुठळ्या का होतात ते शोधायच्या चाचण्या, लुपस अँटीकोआग्युलंट, कार्डिओलिपिन, बीटा टू, होमोसिस्टीन, नळ्याच नळ्या. कार्डिओलिपिन बरंच वाढलेलं आलं, पण बाई म्हणाल्या साध्या इन्फेक्शननेही ते तात्पुरतं वाढतं, आजाराला नाव द्यायचं तर किमान १२ आठवड्यांनी चाचणी परत करायची. तोवर वॉरफरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारी गोळी चालू.

ते तीन महिने डोळ्यापेक्षा वाईट गेले. रोज सकाळी उठले की आधी दुसरा डोळा तपासायचे.

दुसऱ्यांदाही तसंच आलं, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीरच अशा अँटीबॉडीज बनवतं की रक्तात गुठळ्या होतात, मिसकॅरेजही होऊ शकतं. आता आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, कमी झाला की गुठळीची भीती) २ ते ३ मधे ठेवायचा. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के ने गोळीचा जोर कमी होतो, म्हणून ती सोडायची नाही, पण रोज साधारण सारखीच खायची, हे सांगितलेलं असूनही उत्तरायणला शेजारच्या बेननी डबा भरून उंधियू दिलं, मेथीचे मुठिये, हिरवा लसूण, दोन दिवस तेच खाल्लं आणि आयएनआर १.६! डोस बदलला, परत सुई. दांडिया बाजारातला लॅबवाला आता मला बघितलं की फॉर्म न विचारताच डावा हात पुढे करायला सांगतो.