चोणकासाठी फ्लाय बांधताना पैसे कुठे वाचतात, कुठे नाही

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, दोरे बांधून केलेलं खोटं आमिष. तिचं सामान महाग, ही तक्रार खरी असते ती ट्राउट माशाच्या सामानाबद्दल. पाण्यावर तरंगणारी बारीक माशी बांधायला खास पैदाशीच्या कोंबड्यांची अरुंद, ताठ पिसं लागतात. त्यांची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. गोव्यातल्या मांडवी-जुवारीच्या खाड्यांत त्यांचं कामच नाही. ओहोटीला मानशीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणदाराच्या, तोंडाशी दबा धरून बसलेल्या चोणकाला, या शिकारी माशाला, शेवटा माशाच्या पिल्लासारखं, पाण्यात हलणारं काहीतरी दिसायला हवं. त्याचं बहुतेक सामान म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळू शकतं.

गळावर मात्र काटकसर करू नका. 1/0 ते 3/0, जाड तारेचा, खाऱ्या पाण्याचा गळ घ्या. मस्टाड कंपनीचा 34007 क्रमांकाचा गळ स्टेनलेस आहे आणि या कामाला पुरतो. सुटा, बिननावाचा गळ घ्यायचाच असेल तर टोक लाकडात रुतवा, डोळा पकडीत धरून जोरात ओढा. वाक उघडला किंवा तुटला तर तो गळ मोठ्या माशाला टिकणार नाही.

दोरा शिवणकामाचा नको. तो कातलेला, लवदार असतो, डोक्याजवळ गाठोडं होतं. मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा चपटा बसतो. दुकानात त्याच रांगेत, तितकीच चमक असलेला रेयॉनचा दोरा असतो. तो ओला झाला की बराच कमजोर होतो. हातभर तुकडा भिजवून ओढला की फरक लगेच कळतो.

आता पिसं. ब्रॉयलरची घेऊ नका. तो पक्षी कोवळाच कापला जातो, मानेची लांब पिसं त्याला आलेलीच नसतात. गावठी कोंबड्याची मानेची आणि पाठीची पिसं मागा, आणि कोंबडा गरम पाण्यात बुडवण्याआधी सुकी उपटून द्यायला सांगा. उकळत्या पाण्यातून निघालेलं पीस पिळवटतं, फ्लाय पाण्यात गोल फिरते आणि लीडरला, म्हणजे फ्लाय बांधलेल्या दोरीच्या बारीक टोकाला, पीळ पडतो. कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण घालून पिसं धुवा, सावलीत वाळवा, बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर काढा आणि पुन्हा आठवडाभर आत. कसर आणि तिची अंडी यानेच मरतात. ही पायरी टाळली तर एका पिशवीतली कीड सगळ्या डब्यात पसरते.

पांढरी पिसं घरीच रंगतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर आणि खाण्याचा रंग घाला, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, उकळी येऊ देऊ नका. व्हिनेगर विसरलात तर रंग पहिल्याच धुण्यात जातो.

परदेशी चित्रफितींत बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे केस, सर्रास दिसतात. आपल्या रानातल्या हरणांचे केस वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे वर्ज्य आहेत, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी पॅकिंगची प्लॅस्टिक सुतळी घ्या. दहा-बारा सेंटीमीटरचा तुकडा उलगडून बारीक दातांच्या धातूच्या कंगव्याने विंचरला की पट्टी फाटून किंचित कुरळे, अर्धपारदर्शक तंतू होतात. हे पॉलिप्रॉपिलीन, पिसांसारखं ते घरी रंगत नाही, म्हणून सुतळी हव्या त्या रंगाचीच घ्या. शिवाय ते तरंगतं. फ्लाय खाली जायला हवी असेल तर वजन लागेलच. जेटीवरचा नायलॉनचा दोर उलट बुडतो. कोणता कोणता ते ग्लासभर पाणी सांगतं. जाळ्याचा जाड, ताठ धागा मात्र सोडून द्या, तो पाण्यात हलतच नाही.

वजनासाठी धातूची गोल मण्यांची साखळी, चार-पाच मिलिमीटरची. दोन मणी एकत्र कापून दांडीच्या वरच्या बाजूला आठच्या आकड्यात घट्ट बांधा. गळ पाण्यात उलटा होऊन चालतो, टोक वर राहतं आणि खारफुटीच्या मुळांत कमी अडकतं.

चमकीला प्लॅस्टिकची जर, चार-सहा धागे. त्याहून जास्त घातले तर फ्लाय जड आणि ताठ दिसते. तांब्याची जर खाऱ्या पाण्यात काळी पडते. शेवटी डोक्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. फ्लाय वापरून झाली की गोड्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच डबीत टाका. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, नाहीतर पिसांना बुरशी धरते.