मुरडीच्या करंज्या

लग्नानंतरच्या सोळा वर्षांत प्रथमच यंदाचा नाताळ आम्ही नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी न जाता साताऱ्यात साजरा केला. जूनमध्ये यजमानांची बदली इथे झाली, डिसेंबरात रजा आणि मुलांच्या परीक्षा यांचा मेळ बसला नाही, आणि घरात आम्ही चौघेच उरलो.

प्रार्थना चौघांतही होते. फराळ मात्र चौघांचा होत नाही, हे मला तेवीस तारखेच्या रात्री कळले. गावी त्या दिवशी मधल्या खोलीत चटया अंथरल्या जातात. एक जाऊ पाऱ्या लाटते, दुसरी सारण भरते, कोणी केलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते, आणि मुरड घालण्याचे काम गेली कित्येक वर्षे आत्याबाईंकडेच आहे. करंजीची कड अंगठा आणि तर्जनी यांत दाबून किंचित ओढायची, आत दुमडायची, पुन्हा दाबायची. त्यांचे बोलणे चालू असते आणि बोटे खाली पाहिल्याशिवाय चालत असतात. ते काम मी कधी शिकले नाही, कारण ते करणारे माणूस समोर बसलेले असे.

इथे मी कातणाने कडा कापल्या. तिसऱ्या घाण्याला दोन करंज्या उकलल्या, सारण तेलात सांडून काळे पडले, आणि मी गॅस बंद करून तशीच बसून राहिले. जळका वास आला म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अगं, कडेला दूध लावलंस का? तेल गाळून घे आधी, तोवर मी बसते," म्हणून त्यांनी पोळपाट पुढे ओढला. साडेअकरापर्यंत त्या मुरड घालत होत्या.

पंचवीसच्या सकाळी उपासनेला गेलो. अनोळखी मंडळींत मुले अवघडून बसली होती. मग पेटी, तबला आणि झांजा यांच्या साथीने ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे भजन सुरू झाले. आजेसासूबाई पहाटे जात्याशेजारी बसून म्हणत तेच भजन, त्याच चालीत. आमच्या लोकांनी परक्या चालींऐवजी अभंग-ओवीच्या वळणाने देवाला आळवावे यासाठी टिळकांनी आयुष्य वेचले, आणि हे टिळक 1917 साली मिशनची नोकरी सोडून, वर्षानुवर्षांचे नगर मागे ठेवून याच साताऱ्यात राहायला आले होते. 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथेच उभा केला. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण त्या सकाळी ती मला अगदी जवळची वाटली. शेजारच्या बाईंनी भजनाचे पुस्तक माझ्यापुढे धरले. मला त्याची गरज पडली नाही.

दुपारी इमारतीतल्या सगळ्या घरी ताटे दिली. दिवाळीचा आकाशकंदील काकूंनी अजून उतरवला नव्हता. आमची चांदणी लागलेली पाहून त्यांनी तोही संध्याकाळी पुन्हा लावला.

रात्री गावी फोन केला. तिकडे चाळीस माणसांचा गलबला होता. मी पाठवलेला फोटो आत्याबाईंनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारले, "ही मुरड तुझी नव्हे. कोणी घातली?" मी फोन काकूंच्या हाती दिला. एकमेकींना कधीही न पाहिलेल्या त्या दोघी मग पीठ किती वेळ भिजत ठेवावे यावर बराच वेळ बोलत राहिल्या.